निळा चिमटा, लाल चिमटा

माणसाच्या बोटाला चिमटा लावून त्याच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारी यंत्रं आमच्या अब्रान्सूच्या इस्पितळात दोन होती, आणि चिमटा एकही नव्हता. यंत्रं देणगीत आलेली, टीव्हीएवढ्या पडद्याची. चिमटेही त्यांच्याबरोबरच आले होते, पण चिमट्याची वायर म्हणजे शेवटी वायर. पेशंट कूस बदलतो, नातेवाईक अडखळतात, एखादा भाऊबंद तिच्यावर मोबाइल चार्ज होतो का ते बघतो. एकेक करत सगळे चिमटे स्टोअरमध्ये जाऊन पडले. यंत्रं मुलांच्या वॉर्डात भिंतीशी उभी राहून पीं पीं करत राहिली. मग सिस्टरांनी त्यांचा आवाज बंद केला आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत घातले.

त्या वॉर्डाची मुख्य सिस्टर माझी बायको अराबा. तिच्यामुळे मी या प्रकरणात ओढला गेलो, असं मी सांगतो. ती सांगते की मला कुणी बोलावलं नव्हतं.

झालं ते जेवणाच्या टेबलावर. माशाचा काटा काढता काढता ती म्हणाली, "डॉक्टरांना वरून निरोप आलाय. वापरात नसलेली यंत्रं परत न्यायला ट्रक येणार म्हणे. हार्मटानच्या आत."

हार्मटानचा कोरडा वारा सुटला, की आमच्याकडे पोरांच्या छात्या भरायला लागतात. यंत्रं न्यायला हीच वेळ कुणाला सुचावी याचं मला नवल वाटलं.

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"आत्ता करतो तेच. ऑक्सिजनची टाकी एक आणि धापा टाकणारी पोरं चार. द्यायची कुणाला, ते मी तोंडाकडे बघून ठरवते." तिनं काटा ताटाच्या कडेला ठेवला. "गेल्या वर्षी एकदा चुकले."

ती पुन्हा माशाकडे वळली. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे शांतता पसरली की मी काहीतरी समजावून सांगायला लागतो. मी म्हणालो, "त्या चिमट्यात असतं तरी काय एवढं? एका जबड्यात दोन बारीक दिवे, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या जबड्यात प्रकाश मोजणारा एक डोळा. मधे बोट. बस."

"बस ना?" अराबा म्हणाली. "मग करा."

इथून पुढे जे घडलं त्याची सुरुवात ही अशी, एका 'बस'मधून झाली.

मोडके चिमटे स्टोअरकीपर मिस्टर क्वेसन यांच्या ताब्यात होते. क्वेसन माझे जुने विद्यार्थी, आणि मी त्यांना एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं हे त्यांच्या चांगलं लक्षात आहे. त्यांनी मला बराच वेळ खिडकीबाहेर उभं ठेवलं.

"मास्तर, मोडकी वस्तू बाहेर द्यायचा नियम नाही. मोडकी वस्तू जाळायचा नियम आहे."

"मग जाळली असं समजा."

"समजून चालत नाही. साक्षीदारांना धूर दिसायला लागतो."

शेवटी इस्पितळामागं आम्ही नारळाच्या शेंड्यांचा ढीग पेटवला. दोन साक्षीदारांनी धूर पाहिला, खोकले, सह्या केल्या, आणि चिमटे माझ्या पिशवीतून घरी आले. सरकारच्या दृष्टीनं त्या दिवसापासून माझ्या चिमट्यांचा धूर झालेला आहे. माणसानं इतकं करून ठेवल्यावर कामातून अंग काढता येत नाही.

मी व्हरांड्यात टेबल मांडलं. शेजारचे डॅडझी कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे राहिले. डॅडझी कस्टममधून निवृत्त झाले आहेत. दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे जाणून घेणं त्यांना अजूनही आपलं काम वाटतं.

"मास्तर, हे परदेशी लोक नवे चिमटे विकतात, ते वेडे आहेत का? जुने दुरुस्त होत असते तर त्यांनीच केले नसते?"

"दुरुस्त झाले तर नवे कोण घेईल, डॅडझी?"

"तेच म्हणतोय मी. म्हणजे होत नाहीत."

डॅडझींशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी सोल्डरिंगला लागलो. एकाचा प्लग, दुसऱ्याची वायर, तिसऱ्याचे दिवे. सगळ्या ढिगातून शाबूत प्लग दोनच निघाले, म्हणजे चिमटे दोनच होणार होते. मूळ प्लास्टिकचे जबडे तडकलेले, तेव्हा जबड्यासाठी मी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेतले आणि आतून जुन्या स्लिपरचं रबर कोरून बसवलं. रचना साधी आणि माझ्या मते देखणी होती. अराबाचं मत निराळं पडलं, कारण तिचा युनिफॉर्म त्या दिवशी दोरीवरून उडून शेजारच्या बकरीपर्यंत पोचला होता.

चिमटे घेऊन मी इस्पितळात गेलो. डॉक्टर फुसेनी उत्तरेकडचे, तरुण, उंच आणि फार सभ्य. त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं. पडद्यावर आकडा आला: अठ्ठ्याण्णव. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान किंचित खाली घातली, जशी सत्काराच्या वेळी घालतात.

अराबानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं आपला डबा उघडला, पानात उकडलेल्या मक्याच्या केन्कीचा बोटाएवढा तुकडा काढला, आणि माझ्या चिमट्यात धरला.

पडदा जरा वेळ विचारात पडला. मग म्हणाला: सत्त्याण्णव. खाली नाडीही दाखवली, अगदी संथ आणि नियमित.

डॉक्टर फुसेनींनी केन्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर," ते म्हणाले, "हिला घरी सोडायला हरकत नाही."

कारण मला लगेच समजलं, पण ते ऐकून घ्यायला कुणी थांबेना. खिडकीतून ऊन येत होतं, वर पंखा फिरत होता. पंख्याची पाती ऊन अडवत-सोडत होती आणि यंत्राला वाटत होतं, ही नाडी. लाकडी जबड्याच्या फटींतून बाहेरचा उजेड आत शिरत होता. चिमट्याला जाड कापडाचा अभ्रा हवा होता, एवढंच.

"केन्की मेलेली दाखवा," अराबा म्हणाली, "तोवर हा पोराला लागणार नाही."

आता कापड म्हटलं की रंग आला, आणि अब्रान्सूत रंग हा हलक्यानं घ्यायचा विषय नाही. गावात दोन आसाफो आहेत, लाल आणि निळी. पूर्वी या लढाईच्या तुकड्या होत्या. आता लढाया नाहीत, म्हणून त्या सणाला निशाणं नाचवतात, समुद्रात अडकलेली होडी ओढून आणतात, आणि उरलेल्या वेळात एकमेकींवर डोळा ठेवतात. मूल बापाच्या आसाफोत जातं. दुसऱ्या आसाफोचा रंग आपल्या माणसाच्या अंगावर दिसला तर तो अपमान, आणि अशा अपमानापायी आमच्याकडे डोकी फुटलेली आहेत. माझा बाप व्होल्टाकडून बदलीवर आलेला पोस्टमास्तर. त्यामुळे मी कुठल्याच आसाफोत नाही, आणि याबाबत आपण फार निःपक्षपाती आहोत असा माझा समज होता. लाल नको, निळा नको. विज्ञानाला विचाराल तर उजेड अडवायला काळ्यासारखा रंग नाही. मी मान्सा शिंपिणीकडून दोन्ही चिमट्यांना काळे अभ्रे शिवून घेतले.

केन्कीच्या नावापुढे पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या. मेली. मी अराबाकडे पाहिलं, तिनं मान हलवली. आमच्या संसारात एवढी मान तिनं क्वचित हलवली आहे.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं, आधी मोठ्यांवर चाचणी, मग पोरांवर. म्हणून एक यंत्र मोठ्यांच्या वॉर्डात नेलं आणि नाना अम्बा नावाच्या म्हातारीच्या बोटाला काळा चिमटा लावला. आकडा छान आला. म्हातारीनं चहा मागितला. मी समाधानानं घरी येऊन जेवलो.

दरम्यान म्हातारीची लेक भेटायला आली. तिनं दारातून पाहिलं, आई डोळे मिटून पडली आहे आणि हाताला काळं कापड बांधलेलं आहे. आमच्याकडे काळं कापड कधी नेसतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिनं तिथूनच हंबरडा फोडला आणि रडत बाजारातून घरी गेली. दुपारपर्यंत मांडववाल्याकडे विचारणा झाली होती, शवपेटीवाल्याचा माणूस मापाची चौकशी करून गेला होता, आणि केप कोस्टचा भाचा रजा काढून निघाला होता. म्हातारी खाटेवर बसून दुसरा चहा मागत होती. भाचा आल्यावर तिला जिवंत बघून त्याला आनंद झाला, पण रजा फुकट गेली हेही त्यानं मला बोलून दाखवलं.

"मी सांगणारच होतो," डॅडझी भिंतीवरून म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

मग मी पांढरा केला. पांढऱ्या कापडातून ऊन आत गेलं आणि केन्की पुन्हा जिवंत झाली. कापड दुहेरी केलं, तिहेरी केलं, तेव्हा केन्की मेली, पण बोटही आत जाईना. मी मान्साकडे जाऊन बसलो. तिच्याकडे दोन कपाटं आहेत, एक लाल आसाफोच्या कपड्यांचं आणि एक निळ्या आसाफोच्या, आणि ती एकाच वेळी दोन्ही कधी उघडत नाही.

"मास्तर, घट्ट विणीचं कापड माझ्याकडे निशाणांचंच आहे. समुद्राच्या वाऱ्यात टिकायचं ते, उजेडाची काय कथा? एक लाल करा, एक निळा करा. ज्याचा त्याला."

"पण हे विज्ञान आहे, मान्सा."

"असू दे की. ते कापडाच्या आत राहील."

अशा रीतीनं आमच्या इस्पितळात एक लाल चिमटा आणि एक निळा चिमटा दाखल झाला. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात निळ्या आसाफोचे म्होरके सुपी एशून छातीत कफ भरून मोठ्यांच्या वॉर्डात आले. सुपी म्हणजे आसाफोचा सेनापती. एशून अंगानं सुकलेले, पण आवाज अजून भरती-ओहोटीला हुकूम सोडणाऱ्याचा. अराबानं निळा चिमटा पुढं केला. त्यांनी तो उलटा करून आत डोकावून पाहिलं.

"आत लाल का पेटतंय?"

मी पुढं झालो. "सुपी, तो लाल दिवा आहे. रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल प्रकाशच लागतो."

"बाहेरून निळा आणि आतून लाल. हे फितुराचं लक्षण झालं. निळा दिवा घाला."

"निळा प्रकाश बोटातून पार होत नाही."

एशून उशीवर उठून बसले. "निळा पार होत नाही म्हणता? तुम्ही? पोस्टमास्तरचा मुलगा?"

मी पदार्थविज्ञानाचा नियम सांगितला होता, पण तिथं त्याला पुरावा मागायला सगळे नातेवाईक उभे राहिले. शेवटी डॉक्टर फुसेनी खाटेवर वाकले. आसाफो म्हणजे काय हे त्यांना आदल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, "सुपी, लाल दिवा तुमच्या बोटाखाली दबलेला आहे. दाबूनच धरा." हे एशून यांना पटलं. त्यांनी बोट असं गच्च दाबलं, की दोनदा सैल करायला सांगावं लागलं. आकडा आला शहाण्णव. निळ्या मंडळींनी तो बाहेर जाऊन जाहीर केला.

आता दुसऱ्या बाजूचं सांगतो. लाल आसाफोचे सुपी टांडो हे एशून यांचे व्याही. टांडोंची मुलगी क्रिस्टाबेल हिनं एशून यांच्या धाकट्याशी लग्न केलं, कुणालाही न विचारता. तेव्हापासून दोन्ही सुपी एकमेकांशी तिसऱ्या माणसामार्फत बोलतात. शेजारी बसले असले तरी, "त्यांना सांगा, मीठ सरकवा." असे हे टांडो दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत प्रकृतीत वॉर्डात आले, बाही वर केली आणि म्हणाले, "माझा आकडा काढा."

लाल चिमट्यानं पंच्याण्णव दाखवले.

"पुन्हा काढा."

पंच्याण्णव.

"यंत्र त्यांच्या खाटेशेजारी ठेवलंय, त्यांच्याकडे झुकतं," टांडो म्हणाले. ते घरी गेले, पोटभर फुफू खाऊन झोपले, दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि परत येऊन त्यांनी सत्त्याण्णव काढले. मग एशून खोल श्वास घेऊन अठ्ठ्याण्णवला गेले. त्यानंतर गावच लोटलं. कोळी जाळी टाकून रांगेत आले. बाजारात लोक एकमेकांना कसे आहात विचारायच्या ऐवजी किती आहात विचारू लागले. डॅडझींचे त्र्याण्णव निघाले, तेव्हा काही दिवस ते भिंतीवर दिसलेच नाहीत. माझे चौऱ्याण्णव होते. अराबा म्हणाली, "काठावर का होईना, पास झालात."

विजयी आकड्याच्या आनंदात टांडोंनी लाल चिमटा आसाफोच्या घरी नेला आणि पूर्वजांना दाखवला. पूर्वजांना दाखवताना त्यांच्यासाठी श्नॅप्सची दारू जमिनीवर ओततात. चिमट्याच्या प्लगमध्ये श्नॅप्स गेलं. चिमटा पूर्वजांत जमा झाला.

राहिला निळा. तो एशून सोडेनात. कफ कधीच सुटला होता, जेवण दुप्पट चाललं होतं, पण चिमटा काढला की अठ्ठ्याण्णव नाहीसे होणार. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. "घरी जाऊन काय दाखवू?" ते विचारत. पोरांसाठी धाकटा चिमटा करायचा म्हटलं तर प्लग नाही. आणि जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवर डॉक्टरांना विचारलं, यंत्र पोरांसाठी वापरात आहे का? डॉक्टर फुसेनींना खोटं बोलता येत नाही. ते नाही म्हणाले. साहेब म्हणाले, मग ट्रक पाठवतो. खरं सांगतो, त्या दिवशी मी सगळ्यापुढंच हात टेकले. चार-सहा आठवडे खपून मी काय मिळवलं होतं? एका धडधाकट म्हाताऱ्याच्या बोटाला दागिना.

त्या आठवड्यात वारा सुटला. मी मुलांच्या वॉर्डात अराबाचा डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा क्रिस्टाबेल धावत आत आली. तिच्या कडेवर तिची अजोआ, काही महिन्यांची. पोरीच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. रडायलाही तिच्याकडे दम नव्हता. मागोमाग टांडो आले, हातात रुमाल, कपाळावर घाम. बातमी पलीकडच्या वॉर्डात पोचली आणि एशून अनवाणी चालत आले. बोटाला निळा चिमटा, हातात गुंडाळलेली वायर.

अराबानं अजोआला टेबलावर घेतलं. मग तिनं पलीकडच्या खाटेकडे पाहिलं. तिथं एका कोळिणीचा मुलगा टाकीचा ऑक्सिजन घेत झोपला होता.

"टाकी त्याच्याकडे आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. "त्याची काढून हिला देऊ? त्याला झेपेल का? मला बघून कळत नाहीये." तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "चिमटा पाहिजे."

कुणी काही बोलायच्या आत एशून यांनी चिमटा बोटावरून काढला आणि माझ्या हातात ठेवला. त्यांच्या बोटाला वळ पडला होता.

मोठ्या माणसाचा चिमटा त्या पोरीच्या कुठल्याही बोटाला बसणार नव्हता. लहान मुलांना तो पावलाला बांधतात, दिवे एका बाजूला, डोळा दुसऱ्या बाजूला, अगदी समोरासमोर. म्हणजे जबडा फोडायचा, दिवे सोडवायचे, रबराच्या पट्टीवर पुन्हा बसवायचे. वायर तुटली तर दुसरा प्लग नाही. मी पट्टी कापायच्या कात्रीनं लाकूड उचकटलं. मला भीती वाटत होती, आणि ती माझ्या मानापमानाची नव्हती. दोन सुपी माझ्या दोन खांद्यांशी उभे होते आणि दोघांचे श्वास मला ऐकू येत होते.

रबर पावलाभोवती आलं. त्यावर अभ्र्याचं निळं कापड आलं. ते बांधायला काही नव्हतं. अराबानं टांडोंच्या हातातला लाल रुमाल न विचारता ओढला, दातानं फाडला आणि निळ्यावर आवळून बांधला. निळ्यावर लाल. एरवी एवढ्यावरून अब्रान्सूत दगडफेक झाली असती. कुणाची मान हलली नाही.

पडद्यावर दोन रेघा.

"लागला नाही," टांडो म्हणाले.

"पाय गार पडलाय," अराबा म्हणाली. तिनं ते एवढंसं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं आणि चोळत राहिली. रेघा तशाच. मग एक आकडा चमकून गेला, गेला असं वाटलं, आणि परत आला. एक्याऐंशी. खाली नाडी पळत होती.

तिनं रुमाल सोडला, चिमटा घेऊन पलीकडच्या खाटेवर कोळिणीच्या मुलाच्या पावलाला बांधला. टाकी जरा बंद करून आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत राहिलो. पंच्याण्णव. थांबलो. पंच्याण्णवच. डॉक्टरांनी मान डोलावली, आणि टाकी या खाटेवरून त्या टेबलाकडे आली. चिमटा परत अजोआच्या पायाला. एक्याऐंशी. बराच वेळ एक्याऐंशी. मग ब्याऐंशी.

"हा आकडा," एशून हळूच म्हणाले, "आता धरायचा कुणाकडे?"

"तिच्याकडे," अराबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तुम्ही दोघं बाहेर बसा."

बाहेर बाक एकच आहे. दोघं त्याच्या दोन टोकांना बसले; एशून यांच्या टोकाकडून दारातून पडदा दिसत होता. झाडूवाली आत-बाहेर करत होती, तिच्यामार्फत बोलणं सुरू झालं. टांडो म्हणायचे, "त्यांना विचार, आतून काय कळलं?" एशून म्हणायचे, "त्यांना सांग, पंच्याऐंशी." दुपारी झाडूवाली जेवायला गेली. मी दाराशी उभा होतो. टांडोंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, तिसरं माणूस म्हणता येईल असं कुणी नव्हतं. मी होतो, पण मला ते माणसात धरत नसावेत. शेवटी ते समोर बघत म्हणाले, "व्याही, किती?"

एशून घसा साफ करून म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी, व्याही."

पुढचे दिवस दोघं तिथंच बसले. केन्की आणि तळलेले मासे एका घरून आले, सूप दुसऱ्या घरून. मधेच जिल्ह्याचा ट्रक आला. साहेबांनी वॉर्डात येऊन यंत्र पाहिलं, त्याची वायर पाहिली, वायरच्या टोकाला पोरीचा पाय पाहिला. मग त्यांनी क्वेसनना बोलावून विचारलं, या चिमट्याची नोंद कुठं आहे?

"जाळला त्याची आहे," क्वेसन म्हणाले.

"मग हा कोणता?"

क्वेसननी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दारातल्या बाकावरून दोन्ही सुपी एकाच वेळी उठले आणि आत येऊन साहेबांच्या दोन बाजूंना उभे राहिले. साहेब आमच्याच किनाऱ्यावरचे, त्यांनी असले दोन जण कधी एका बाजूला उभे पाहिले नसावेत. ते म्हणाले, यंत्र वापरात दिसतंय. ट्रक रिकामा गेला.

अजोआचा आकडा चौऱ्याण्णवपर्यंत आला, टाकी बंद झाली, तरी तो पडला नाही. त्या सकाळी डॉक्टर तिला तपासत होते, मी वायरीच्या जोडांवर चिकटपट्टी लावत होतो, आणि पोरीला भूक लागली. तिनं तोंड उघडून जो सूर लावला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. पाठोपाठ तिनं पाय झाडला. वायर ताडकन तुटली, रबर उडालं, दिवे खाटेखाली गेले, आणि यंत्र पीं पीं करायला लागलं.

माझा गावातला शेवटचा चिमटा. मी "अरे, अरे" करत राहिलो. डॉक्टर फुसेनींनी यंत्राचा आवाज बंद केला आणि पोरीकडे पाहिलं.

"रडू दे," ते म्हणाले. "एवढा सूर लावणाऱ्या पेशंटला चिमटा लागत नाही. तुमचा चिमटा उद्या करा, मास्तर."

मी गुडघे टेकून खाटेखाली शिरलो आणि लाल दिवा शोधू लागलो. वर दोन्ही सुपींचं सुरू झालं होतं, यावेळी सरळ एकमेकांशी.

"लाथ पाहिलीत? ही एशूनांची लाथ."

"ही आईकडची. माझी आजी अशीच झाडायची."

"गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुणाच्या घरातला माणूस जड वल्हं मारायचा."

दिवा सापडला. खाटेच्या पायाशी मी डोकं वर काढलं, आणि त्याच क्षणी अजोआचा दुसरा पाय माझ्या चष्म्यावर बसला. चष्मा नाकावरून कानावर गेला. दोन्ही सुपींनी वाद थांबवून टाळी वाजवली. मी घाईनं उठू लागलो, कारण या वयाला आणि या शिक्षणाला ते शोभणारं नव्हतं. तेवढ्यात अराबाचा हात माझ्या खांद्यावर आला. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"फीफी, उठू नका," ती म्हणाली. "तिथंच थांबा. तिला अजून एक मारू दे."

मी हललो नाही.